वैर दोघांचं, साथ सगळ्यांची

दोन महासत्ता एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असताना साऱ्या जगाला भेडसावणाऱ्या प्रश्नावर त्या एकत्र काम करू शकतात का? याचं उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. असा एक प्रयोग पूर्ण होऊन गेला आहे आणि त्याचा शेवटचा, सर्वांत अवघड भाग आपल्याच उपखंडात घडला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात मिळून देवीचा रोग पृथ्वीवरून घालवला. माणसाला होणाऱ्या रोगांपैकी समूळ नष्ट झालेला हा आजवरचा एकमेव रोग. आज अमेरिका आणि चीन यांच्या चढाओढीत साथी, हवामान, ध्रुवप्रदेश यांवरचं काम अडतं, तेव्हा देवीची हकीकत बारकाईने पाहायला हवी. सहकार्य कसं जमलं हे तिच्यात दिसतं आणि त्याच सहकार्याच्या पाठीमागे काय चाललं होतं हेही दिसतं.

मिनियापोलिसमधला प्रस्ताव

१९५८ मध्ये जागतिक आरोग्य सभेचं अधिवेशन अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात भरलं. सोव्हिएत संघ १९४९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडला होता आणि स्टालिनच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी नुकताच परतला होता. स्पुटनिक आकाशात जाऊन वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी सोव्हिएत उप-आरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह बोलायला उभे राहिले. ते स्वतः विषाणुतज्ज्ञ होते. त्यांनी सुरुवात केली ती अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या पत्राने. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांना जेफरसन यांनी १८०६ मध्ये लिहिलं होतं, की पुढच्या पिढ्यांना हा रोग केवळ इतिहासातून ठाऊक असेल. यजमानांच्याच पूर्वजाचा हवाला देऊन झ्दानोव्ह यांनी देवीच्या जागतिक निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला आणि सोव्हिएत संघातर्फे अडीच कोटी डोस देऊ केले. पुढच्या वर्षी ठराव मंजूर झाला.

यात माणुसकी होती, तसा स्वार्थही होता आणि तो लपवण्यासारखा नव्हता. सोव्हिएत संघाने आपल्या हद्दीतली देवी १९३६ पर्यंत संपवली होती, पण शेजारच्या देशांतून ती पुन्हा शिरत होती. ठराव झाला त्याच वर्षाच्या हिवाळ्यात भारतातून परतलेल्या एका चित्रकाराबरोबर ती थेट मॉस्कोत पोचली आणि काही आठवड्यांत लाखो लोकांना टोचावं लागलं. अमेरिकेचा अनुभव वेगळा नव्हता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अवघे बारा रुग्ण सापडले, पण लस द्यावी लागली साठ लाखांवर लोकांना. बिहार-बंगालमध्ये देवी आहे तोवर मॉस्को आणि न्यूयॉर्क दोन्ही असुरक्षित आहेत, हे दोघांनाही कळत होतं.

तरी पुढची काही वर्षं काम रखडलंच. अमेरिकेचा पैसा आणि प्रतिष्ठा तेव्हा मलेरिया-निर्मूलनात गुंतली होती. मलेरिया अमेरिकेचा, देवी सोव्हिएत संघाची, अशी एक न बोललेली वाटणी झाली होती. वैराचा पहिला फटका असा बसतो. कुणी उघड विरोध करत नाही. ठराव एकमताने होतात, पैसे मात्र येत नाहीत.

रशियाची लस, अमेरिकेचा प्रमुख

कोंडी फुटली १९६५-६६ मध्ये. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी देवी-निर्मूलनाला अमेरिकेचा पाठिंबा जाहीर केला आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या देशांत अमेरिकी पथकं कामाला लागली. १९६६ च्या आरोग्य सभेत नव्या, वेगवान मोहिमेसाठी वर्षाला २४ लाख डॉलरची तरतूद मताला टाकली गेली आणि ती जेमतेम दोन मतांनी तरली. संघटनेचे ब्राझिली महासंचालक मार्कोलिनो कांदाऊ यांचा या मोहिमेवर विश्वास नव्हता. मोहीम फसणारच असेल तर खापर अमेरिकेवर फुटावं म्हणून प्रमुख अमेरिकी असावा, असं त्यांचं मत होतं, हे त्या प्रमुखानेच पुढे सांगितलं आहे. ते होते डॉ. डोनाल्ड हेंडरसन. १ जानेवारी १९६७ ला काम सुरू झालं तेव्हा जगात दरवर्षी एक ते दीड कोटी लोकांना देवी येत असे, असा अंदाज होता. त्यांतले सुमारे वीस लाख दगावत.

लशीचा मोठा भाग सोव्हिएत संघाने पुरवला. पूर्ण मोहिमेत त्यांनी दिलेले डोस १४० कोटींहून जास्त भरतात. ही लस गोठवून सुकवलेली होती, म्हणजे बर्फाच्या पेटीशिवाय बिहारच्या उन्हातही काही काळ टिकणारी. ती तयार करण्याची व्यवहार्य पद्धत १९५० च्या दशकात ब्रिटनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कोलियर यांनी बसवली होती. टोचायला वापरली ती दुभंगलेल्या टोकाची सुई अमेरिकेतल्या वायथ कंपनीतल्या बेंजामिन रुबिन यांची. कंपनीने तिच्यावरचं स्वामित्वधन सोडलं. त्या सुईमुळे पूर्वीच्या चौथाई लशीत काम भागू लागलं, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही काही मिनिटांत टोचायला शिकवता येऊ लागलं. कुणाची लस कसाला उतरते आणि कुणाची नाही, हे ठरवायला कॅनडात टोरँटो आणि नेदरलँड्समध्ये बिल्टहोवेन इथे तपासणी-केंद्रं नेमली होती. लस मॉस्कोची असो की बेळगावच्या लस-संस्थेची, निकष एकच. हे लहान वाटतं, पण एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन पक्षांना एकत्र काम करायचं असेल तर माप तिसऱ्याच्या हाती असावं लागतं.

बिहारचा उन्हाळा

१९७१ च्या डिसेंबरमध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं आणि सोव्हिएत नौका त्याच्या मागावर निघाल्या. महासत्तांचं वैर आपल्या किनाऱ्याच्या इतकं जवळ क्वचितच आलं असेल. युद्ध संपल्यावर निर्वासित कोलकात्याजवळच्या छावण्यांतून घरी परतले आणि त्यांच्याबरोबर देवी बांगलादेशात परत गेली. त्या भागातून ती १९७० मध्ये नाहीशी झाली होती.

भारताची सर्वांत वाईट वेळ आली १९७४ मध्ये. त्या वर्षी देशात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि तीस हजारांवर माणसं गेली. केंद्रस्थानी बिहार होता. त्याच मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला आणि १८ मे ला पोखरणला अणुचाचणी झाली. अणुस्फोट करणाऱ्या देशात देवीने माणसं मरतात, हे परदेशी वृत्तपत्रांनी जगाला सांगितलं. दिल्लीला ते झोंबलं असणार. आणि तरीही त्या महिन्यांत अमेरिकी, सोव्हिएत, झेक, फ्रेंच साथरोगतज्ज्ञ भारतीय डॉक्टरांबरोबर जीपमधून गावोगाव फिरत होते. भारतीय बाजूला डॉ. एम. आय. डी. शर्मा आणि डॉ. महेंद्र दत्ता यांच्यासारखे लोक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रादेशिक कामाची धुरा डॉ. निकोल ग्रासे यांच्याकडे होती. कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातून आलेले डॉ. झ्देनो येझेक त्याच ओट्यावर, त्याच नकाशावर अमेरिकी सहकाऱ्याबरोबर रुग्ण मोजत होते. पैसे कमी पडले तेव्हा ते आले स्वीडनकडून, आणि जमशेदपूरच्या आसपासच्या पट्ट्यात टाटांनी भार उचलला.

पद्धतही बदलली होती. सगळ्यांना टोचत बसण्यापेक्षा रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचून साथीला कडं घालायचं, हे तंत्र डॉ. विल्यम फेगी यांनी नायजेरियात वापरून पाहिलं होतं. भारतात त्यासाठी दर महिन्याला आठवडाभर लाखाहून अधिक आरोग्य कर्मचारी घरोघर फिरत. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस असे. रुग्ण कमी होत गेले तसं ते वाढवत शेवटी हजार रुपयांवर नेलं. त्या काळात वाढलेल्या माणसांना गावातल्या भिंतींवर रंगवलेली ती जाहिरात अजून आठवते. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. जगातली देवीची शेवटची नैसर्गिक लागण १९७७ मध्ये सोमालियात झाली.

८ मे १९८० ला आरोग्य सभेने देवी संपल्याचं जाहीर केलं. त्याआधी चार-पाच महिने सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला.

त्याच काळात, बंद दाराआड

इथे थांबलं तर ही कथा फार गोड होईल. सोव्हिएत संघ एका हाताने देवीची लस वाटत होता आणि दुसऱ्या हाताने देवीचंच अस्त्र बनवत होता. जैविक अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या १९७२ च्या करारावर त्याची सही होती, तरीही. त्या कार्यक्रमातले मोठे अधिकारी केन अलिबेक १९९२ मध्ये अमेरिकेत गेले आणि त्यांनी हे सविस्तर सांगितलं. त्यांच्या म्हणण्यानुसार अस्त्रासाठी निवडलेला विषाणूचा वाण १९६७ मध्ये भारतातून नेलेला होता. तो नेला ज्या पथकाने, ते निर्मूलनाच्या कामात मदत करायला आलं होतं.

मला ही सगळ्या हकीकतीतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते. निर्मूलन खरं होतं आणि विश्वासघातही खरा होता. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही. उरलेला विषाणू आजही दोनच ठिकाणी अधिकृतपणे ठेवलेला आहे: अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात सायबेरियातल्या कोल्त्सोव्हो इथे. तो नष्ट करायचा की नाही, यावर आरोग्य सभेत कित्येक वर्षं चर्चा झाली आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

अपप्रचारही तेव्हा होताच. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत बनवला गेला, असा त्यात दावा होता. ही सोव्हिएत गुप्तहेर यंत्रणेची मोहीम होती. पुढे ती अनेक देशांत, अनेक भाषांत पसरवली गेली. अमेरिकेने एड्स संशोधनातलं सहकार्य रोखून धरलं तेव्हा, १९८७ च्या सुमारास, सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्या आरोपापासून हात झटकले. म्हणजे सहकार्याची गरज होती म्हणूनच खोटं मागे घ्यावं लागलं.

माकडताप, पक्षी आणि संशय

वैराची झळ महाराष्ट्रातल्या दोन संस्थांनाही बसली. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. हाच तो माकडताप, जो अलीकडे सिंधुदुर्गात आणि गोव्यात सत्तरीच्या बाजूला डोकं वर काढतो. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, तो विषाणू शोधला. तो सायबेरियात गोचिडींमुळे पसरणाऱ्या मेंदुज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. मग प्रश्न आला: हिवाळ्यात उत्तरेतून येणारे पक्षी गोचिडींबरोबर तो इकडे आणत असतील का? त्यासाठी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांचे मार्ग शोधण्याचं मोठं काम हाती घेतलं. सुरुवातीला मदत जागतिक आरोग्य संघटनेची होती. नंतर पैसे आले ते अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका पाहणीतून.

१९७४-७५ मध्ये हे सगळं वादात सापडलं. दिल्लीत डासांवर नियंत्रणाचे प्रयोग करणारं, जागतिक आरोग्य संघटनेने अमेरिकी पैशावर चालवलेलं एक केंद्र होतं. हे खरं तर जैविक युद्धाच्या तयारीसाठी चालू आहे, असा आरोप झाला. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभाग असलेल्या संशोधन-प्रकल्पांची झडती घेतली, त्यात पक्ष्यांचा अभ्यासही आला. डासांचं केंद्र १९७५ मध्ये बंद झालं.

समितीचे प्रश्न निराधार नव्हते. परक्या लष्कराचे पैसे विज्ञानाच्या नावाखाली येत असतील तर संसदेने विचारायलाच हवं. पण ज्या वर्षी बिहारमध्ये अमेरिकी डॉक्टर देवीच्या मागे धावत होते, त्याच वर्षी दिल्लीत अमेरिकी पैशावरचे डास संशयित ठरले. एक मोहीम जगली, दुसरी मेली. फरक उघडेपणाचा होता. देवीच्या मोहिमेत प्रत्येक रुग्णाची नोंद सगळ्यांपुढे होती, पैसे कुठून आले हे ठाऊक होतं, आणि निकाल कुणालाही गावात जाऊन पडताळता येत होता.

मग ते जमलं कशामुळे?

पहिलं कारण स्वार्थाचं, ते वर आलंच. दुसरं कारण प्रतिष्ठेचं. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेच्या देशांपुढे दोन्ही महासत्तांना मोठेपणा मिळवायचा होता, आणि देवीच्या मोहिमेत दोघांनाही तो पुरेसा मिळत होता. सोव्हिएत लस दिली म्हणून अमेरिकेचं काही कमी होत नव्हतं. इथे वैर चक्क कामाला आलं. एरवी इतक्या लशी कुणी फुकट दिल्या असत्या, असं मला वाटत नाही.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या काळात भांडण होतं क्षेपणास्त्रांचं, तळांचं, विचारसरणीचं. देवीची लस जुनी होती, तिच्यावर कुणाचं पेटंट नव्हतं, बाजार नव्हता, गुपित नव्हतं. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊबंद सामाईक विहिरीचा गाळ मिळून काढतात, कारण दावा विहिरीवर नसतो. आज दावा विहिरीवरच लागला आहे.

पोलिओच्या बाबतीतही हेच दिसतं. अमेरिकेतल्या अल्बर्ट सेबिन यांनी तोंडाने द्यायची लस बनवली, पण तिथे साल्क यांची टोचायची लस आधीच दिली गेली असल्याने मोठी चाचणी घेणं अवघड होतं. सेबिन यांनी आपले विषाणूचे वाण मिखाईल चुमाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिले. १९५९ मध्ये सोव्हिएत संघात एक कोटीहून अधिक लोकांना ती लस दिली गेली. अमेरिकेत तिला परवानगी मिळाली ती या अनुभवानंतर, १९६१-६२ मध्ये. आपल्याकडच्या ‘दोन थेंबां’मागे हा इतिहास आहे.

इबोला आणि कोविड: सहा वर्षांतलं अंतर

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. १८ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २१७७ एकमताने संमत केला. त्याचे सहप्रस्तावक १३० हून अधिक देश होते. लायबेरियात अमेरिकी सैनिक उपचार-केंद्रं उभारत होते आणि चिनी वैद्यकीय पथकंही तिथेच काम करत होती.

२०२० मध्ये कोविड आला तेव्हा तेच दोन देश त्याच परिषदेत बसले होते. महासचिव अँटोनिओ गुटेरस यांनी २३ मार्चला जगभर युद्धबंदीचं आवाहन केलं. त्याला पाठिंबा देणारा साधा ठराव व्हायला १ जुलै उजाडला. अडलं कुठे, तर जागतिक आरोग्य संघटनेचा उल्लेख मसुद्यात हवा की नको, यावर. चीनला हवा होता, अमेरिकेला नको होता. लाखो माणसं मरत असताना तीन महिने एका नावावर गेले. दरम्यान राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एप्रिलमध्ये संघटनेचा निधी थांबवला आणि जुलैमध्ये बाहेर पडण्याची नोटीस दिली. बायडन यांनी जानेवारी २०२१ मध्ये ती मागे घेतली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परत बाहेर पडण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी मे महिन्यात चीनने संघटनेला पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. ही मदत स्वागतार्ह आहे, पण कुणी निघून गेल्याने मोकळी झालेली खुर्ची भरणं आणि दोघांनी शेजारी बसणं यांत फार अंतर आहे.

चीनचं वागणंही तपासायला हवं. वुहानमधल्या सुरुवातीच्या रुग्णांची कच्ची माहिती आपल्याला पूर्ण मिळाली नाही, अशी तक्रार संघटनेच्या तज्ज्ञांनीच केली. साथीच्या उगमाचा प्रश्न त्यामुळे पुराव्याऐवजी आरोपांवर चालत राहिला.

आणि अपप्रचार परतला. जून २०२४ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने उघड केलं, की अमेरिकी लष्कराने २०२०-२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या बनावट खात्यांतून फिलिपीन्समध्ये चिनी लशीबद्दल संशय पसरवला होता. त्या वेळी तिथल्या लोकांना सर्वांत आधी मिळू शकणारी लस तीच होती. १९८३ मधला खोटेपणा रोग कुठून आला याबद्दल होता. हा खोटेपणा थेट औषधावर होता, आणि त्याची किंमत मनिलातल्या साध्या माणसांनी मोजली. याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा.

भांडणाचा विषय बदलला

अमेरिका आणि चीन यांच्यात १९७९ मध्ये, जिमी कार्टर आणि देंग श्याओपिंग यांच्या सहीने, विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार झाला. त्याचं एक फळ आज आपल्या प्रत्येक गर्भवतीच्या हातात आहे. १९९० च्या दशकात दोन्ही देशांच्या संशोधकांनी चीनमधल्या सुमारे अडीच लाख स्त्रियांचा अभ्यास केला आणि दाखवून दिलं, की रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने बाळाच्या पाठीच्या कण्यातला आणि मेंदूतला गंभीर दोष बराच टळतो. एवढा मोठा अभ्यास एकट्या देशाला जमला नसता.

हा करार २०२३ मध्ये मुदतवाढीच्या टेकूवर आला. डिसेंबर २०२४ मध्ये तो पाच वर्षांसाठी नवा झाला खरा, पण आक्रसलेला. संवेदनशील आणि उगवत्या तंत्रज्ञानाची क्षेत्रं त्याबाहेर ठेवली गेली. जनुकांचं वाचन, रुग्णांची माहिती, औषधं घडवणारे संगणकी नमुने, लस बनवायचं यंत्रसाहित्य या गोष्टी आता राष्ट्रीय सुरक्षेत मोडतात. साथीशी लढायला लागणारी साधनंही नेमकी हीच आहेत.

पुण्याने हे २०२१ मध्ये अनुभवलं. गरीब देशांसाठीच्या कोव्हॅक्स योजनेची मोठी भिस्त सीरम इन्स्टिट्यूटवर होती. अमेरिकेने आपल्या कारखान्यांना आधी पुरवठा व्हावा म्हणून कायदा लावला, तेव्हा लागणाऱ्या पिशव्या, गाळण्या, कच्चा माल अडकला. एप्रिलमध्ये सीरमचे प्रमुख आदर पूनावाला यांना थेट बायडन यांना जाहीर विनंती करावी लागली. त्याच सुमारास दुसरी लाट आली आणि भारताने निर्यात थांबवली. आपल्या लोकांना आधी, हा निर्णय समजण्यासारखा होता. पण आफ्रिकेतले देश वाट बघत राहिले, तेही तितकंच खरं. २०२१ अखेर दोनशे कोटी डोस देण्याचं कोव्हॅक्सचं उद्दिष्ट होतं, प्रत्यक्षात निम्मेही पोचले नाहीत. अमेरिका, चीन, रशिया, भारत हे सगळे आपापल्या नावाचे डोस वेगळे वाटत होते.

हवामान आणि उत्तर ध्रुव

हवामानाच्या प्रश्नातही हाच चढउतार आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओबामा आणि शी जिनपिंग यांनी बीजिंगमध्ये एकत्र घोषणा केली नसती तर पुढच्या वर्षीचा पॅरिस करार होणं अवघड होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्या आणि चीनने हवामानाची चर्चा बंद केली. तिबेटमधल्या हिमनद्यांचा तैवानशी काय संबंध, हा प्रश्न मुत्सद्देगिरीत गैरलागू ठरतो. चर्चा नोव्हेंबरमध्ये परत सुरू झाली.

उत्तर ध्रुवाबाबत मला जास्त काळजी वाटते, कारण तिथलं नुकसान दिसत नाही. आर्क्टिक परिषदेत आठ देश आहेत. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मार्च २०२२ मध्ये बाकी सात देशांनी काम थांबवलं. त्यांचा संताप योग्यच होता. पण आर्क्टिकचा जवळजवळ निम्मा किनारा रशियाचा आहे, आणि गोठलेल्या जमिनीचा फार मोठा पट्टाही. ती जमीन वितळून किती कार्बन बाहेर पडतोय, याच्या तिथल्या मोजण्या बाहेरच्या शास्त्रज्ञांना मिळेनाशा झाल्या. भारत २०१३ पासून या परिषदेत निरीक्षक आहे. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आर्क्टिकमधलं आपलं ‘हिमाद्री’ हे ठाणं चालवतं. आर्क्टिकच्या समुद्रातला बर्फ आणि आपल्याकडचा सप्टेंबरातला अतिवृष्टीचा पाऊस यांत संबंध असू शकतो, असं तिथल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आलं आहे. नकाशाचा एक भाग कोरा राहिला तर त्याची झळ कोकणातल्या भातशेतीपर्यंत येऊ शकते.

मधल्या देशांपुढचं काम

२० मे २०२५ ला आरोग्य सभेने साथींविषयीचा जागतिक करार स्वीकारला. अमेरिका त्या वाटाघाटींतून आधीच बाहेर पडली होती. करारातला सर्वांत कळीचा भाग म्हणजे नवा विषाणू सापडला तर तो देशाने लगेच सगळ्यांना द्यायचा, आणि त्यावरून बनलेल्या लशी-औषधांचा वाटा सगळ्यांना मिळायचा. सहभागी कंपन्यांनी साथीच्या काळात चालू उत्पादनाचा पाचवा हिस्सा संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातला निम्मा विनामूल्य, अशी त्याची रूपरेषा आहे. पण हे नेमकं कसं चालेल, ते सांगणारं परिशिष्ट करार मंजूर करताना बाकी ठेवलं गेलं. ते ठरल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही, आणि साठ देशांनी मान्यता दिल्याशिवाय तो लागू होत नाही.

देवीच्या मोहिमेत स्वीडन, कॅनडा, नेदरलँड्स यांनी जे केलं, ते करण्याची जागा आज रिकामी आहे. तिसऱ्याच्या हातातलं माप, पैशाची उघड नोंद आणि कुणालाही गावात जाऊन पडताळता येईल असा निकाल या तीन गोष्टी महासत्ता स्वतःहून देणार नाहीत. भारताला त्या मागण्याचा अधिकार इतरांपेक्षा जास्त आहे. विषाणू शोधणारी प्रयोगशाळा आणि लस बनवणारा जगातला सर्वांत मोठा कारखाना, दोन्ही आपल्याकडे एकाच शहरात आहेत. नमुने देणारा देश म्हणून आपले हितसंबंध आफ्रिकेशी जुळतात, लस विकणारा देश म्हणून युरोपशी. हा तिढा दिल्लीने टाळण्याचं कारण नाही. दोन्ही बाजूंचं दुखणं ज्याला ठाऊक आहे, त्यानेच त्या परिशिष्टाचा मसुदा हाती घ्यावा, आणि पुढची साथ येण्याआधी घ्यावा.